गाडीतला ट्यूबलाइट

स्टिअरिंगमागून

बारामतीतल्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात छतातला दिवा बदलायला गेलात, तर एकच प्रश्न येतो, “व्हाइट टाकू ना?” आपण मान हलवतो. झाकण उचकटलं जातं, पिवळा बल्ब निघतो, पांढऱ्या टिकल्यांची पट्टी बसते आणि पाच मिनिटांत गाडीचं ऑपरेशन थिएटर होतं.

एलईडी लावण्याला माझा विरोध नाही. माझ्या जुन्या गाडीचं मागचं दार एकदा रात्रभर अर्धवट राहिलं आणि सकाळी धक्का मारायला शेजाऱ्यांना उठवावं लागलं. 10 वॅटचा जुना बल्ब साधारण 0.8 अँपिअर ओढतो. दहा तासांत आठ अँपिअर-तास गेले. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरीच मुळात 35च्या आसपासची, त्यातून चार वर्षं वापरलेली. एक वॅटच्या एलईडीने तेवढ्याच वेळात एक अँपिअर-तासही खाल्ला नसता. शिवाय जुन्या बल्बच्या उष्णतेने झाकण पिवळं पडतं ते वेगळंच.

बल्ब घेण्याआधी माप तेवढं बघा. दोन्ही टोकांना टोप्या असलेला नळीसारखा बल्ब 31, 36 किंवा 41 मिलिमीटरचा असतो. काचेच्याच बुडाचा असेल तर ‘पार्किंगचा बल्ब’ म्हणून मागा, कुठेही मिळतो. बसवल्यावर लागला नाही तर दुकानदाराशी भांडण्याआधी उलटा करून बघा. एलईडीला धन-ऋण कळतं, जुन्या बल्बला फरक पडत नव्हता.

माझं भांडण आहे ते रंगाशी. खोक्यावर 6000 केल्विन लिहिलेलं असतं, म्हणजे दुपारच्या उन्हासारखा पांढरा. हा पांढरा मुळात निळा आहे. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014चं नोबेल मिळालं. त्याच निळ्या ठिपक्यावर पिवळ्या रसायनाचा थर दिला की पांढरा उजेड होतो. थर कमी, तेवढा निळा जास्त. आणि अंधारात आपला डोळा नेमका निळ्या-हिरव्या उजेडालाच सगळ्यात हळवा. अंधाराला पुरतं सरावायला त्याला 20-30 मिनिटं लागतात. ते मोडायला मागच्या सीटवरून आलेलं “जरा लाइट लावा, गोळी सापडत नाही” एवढं पुरतं.

हे पुण्याच्या दिव्यांखाली चालून जाईल. पण गाळप हंगामात रात्री दहानंतर बारामतीहून इंदापूरला निघा. भवानीनगर गेलं, सणसर, लासुर्णे मागे पडलं, निमगाव केतकी अजून लांब. पालखी मार्गाने रस्ता ऐसपैस झाला, आपला वेग वाढला. उसाच्या ट्रॅक्टरचा होता तेवढाच राहिला. मागे दोन ट्रॉल्या, दुसरीच्या दिव्याची वायर कधीच तुटलेली, रिफ्लेक्टरवर उसाची टोकं लोंबतायत. ट्रॅक्टरवर स्पीकर मात्र जोरात. या काळ्या ढिगाची चाहूल लागायला जे दोन-तीन सेकंद लागतात, ते आपण आतल्या ट्यूबलाइटला देऊन बसलेलो असतो. समोरच्या काचेत तेव्हा रस्ता कमी आणि आपलाच चेहरा जास्त दिसतो.

ट्रॉलीवाल्यांना शिस्त लावा, हे मी दर हंगामात लिहितो आणि लिहीत राहीन. आपल्या छतातला बल्ब मात्र आपल्याच हातात आहे. 3000 केल्विनचा, एक वॅटचा घ्या. गोळी सापडते, पाकिटातली नोटही ओळखू येते. चालत्या गाडीत तोही लावायचा नाहीच. अगदी अडलंच तर मागच्यांनी मोबाइलचा उजेड पायाशी धरावा.

परवा मी तसा मागितला. दुकानदाराने सगळ्यात खालच्या खणातून एक खोकं ओढलं, धूळ फुंकली आणि म्हणाला, “पिवळा एलईडी? साहेब, मग आहे तो बल्ब काय वाईट होता?”

— सारथी