डोनरचा ताप लपवू नका

किडनी किंवा लिव्हर प्रत्यारोपणाची तारीख ज्यांच्या घरी ठरली आहे, त्यांच्यासाठी हे आवाहन. एप्रिल २०२१ चा महिना आहे, कोरोनाची दुसरी लाट महाराष्ट्रात घरोघरी पोचली आहे.

अवयव देणाऱ्याला कणकण वाटली, तर त्याच दिवशी सांगा. सकाळी क्रोसिन घेऊन रुग्णालयाच्या दारातल्या थर्मल गनला चकवू नका. माणसं असं का करतात, ते आम्ही प्रत्यारोपण विभागात रोज पाहतो. डायलिसिसच्या खेपा, कमिटीची परवानगी, उसनेपासने करून जमवलेला पैसा, आणि आता तारीख हुकली तर? त्यात आपल्याकडे देणारी बहुधा आई किंवा बायको. स्वतःचं दुखणं सांगायची तिला सवयच नसते. तेव्हा तुम्हीच विचारा: घसा धरलाय का? फोडणीचा वास येतोय का?

शस्त्रक्रियेआधी ७२ तासांच्या आत आरटीपीसीआर करतात. पण निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे हमीपत्र नव्हे. गेल्या वर्षी अमेरिकेत मिशिगनमध्ये एका मेंदूमृत दात्याच्या नाकाघशातला स्वॅब निगेटिव्ह आला होता. विषाणू फुप्फुसात दडलेला होता. ती फुप्फुसं बसवलेली रुग्ण ६१ व्या दिवशी दगावली. फुप्फुसं हाताळणाऱ्या सर्जनलाही लागण झाली. किडनी-लिव्हरमधून कोरोना जातो, असा पक्का पुरावा नाही. खरी भीती डोनरच्या श्वासाची आहे, कारण दोघं एकाच घरात राहतात आणि नवा अवयव टिकावा म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती टॅक्रोलिमस, स्टिरॉइड देऊन मुद्दाम दाबलेली असते. धोका डोनरलाही आहे. लागण अंगात असताना भूल दिली, तर धडधाकट माणूसही न्यूमोनियानं आडवा होऊ शकतो.

शस्त्रक्रियेआधीचे १४ दिवस दोघांनी घरातच राहावं. लग्न नको, बारसं नको. ‘पाच मिनिटं तोंड दाखवून येतो’ हेही नको. बाजारहाट घरातल्या एकानंच करावी. ४५ वर्षांपुढच्यांनी लस कधी घ्यायची, ते डॉक्टरांना आजच विचारा.

तारीख पुढे गेली, तर किडनीचा रुग्ण बहुतेक वेळा डायलिसिसवर थांबू शकतो. फक्त एकही पाळी चुकवू नका. लिव्हरच्या रुग्णाला कधीकधी थांबणं परवडत नाही. तो निर्णय डॉक्टरांवर सोडा, पण त्यांना माहिती खरी द्या.

रात्री अकराला ताप भरला, तरी रुग्णालयाच्या प्रत्यारोपण कोऑर्डिनेटरला फोन करा. सकाळपर्यंत थांबू नका.