आकाशकंदिलावरचे वारली

वाचकहो, दिवाळीच्या अंकात गोडधोड लिहावे, भांडण उकरून काढू नये, असा संकेत आहे. तो मला ठाऊक आहे. पण भांडणाचे कारणच यंदा दिवाळीने घरी आणून दिले, त्याला मी काय करू?

गुलमंडीवर आकाशकंदील घ्यायला गेलो. चारी बाजूंना वारली चित्रे छापलेला एक कंदील मुलीला आवडला, म्हणून घेतला. घरी आल्यावर तिने विचारले, "बाबा, ही माणसं राहतात कुठं?" मी मास्तरी थाटात म्हणालो, "पालघर जिल्ह्यात. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी." "तुम्ही गेलात का कधी?" यावर मात्र मी गप्प बसलो, कारण गेलो होतो, आणि जे पाहिले ते कंदिलावर छापण्याजोगे नव्हते.

प्रथम त्या कंदिलाचेच घ्या. तारपा वाजवणारा गडी त्यात कुठेच नाही. नाचणाऱ्यांचे कडे मात्र बांगडीसारखे पक्के बंद! भोपळा आणि बांबू यांचा तो तारपा, त्याच्याभोवती शेपटी मोकळी सोडून फिरणारी माणसे. वाजवणाराच नसेल तर ती फिरतात कशाभोवती? तीच गत लग्नाच्या चौकाची. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनींनी तो लिहायचा, मध्ये पालघाट देवीची स्थापना व्हायची, धवलेरीने गाणी म्हणून लग्न लावायचे. कागदावर ही चित्रकला नेली जिव्या सोमा मशे यांनी. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. आपण त्यातली तेवढी काडीची माणसे उचलली आणि चहाच्या कपावर, पडद्यावर, साडीच्या काठावर बसवली. धवलेरीला कुणी विचारले नाही.

पण चित्राची चूक एक वेळ सोडून देऊ. खरा राग मला निराळ्याच गोष्टीचा आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा तोडून राज्याचा ३६ वा जिल्हा झाला. कारण काय सांगितले? ठाणे दूर पडते, आदिवासींची कामे होत नाहीत. उत्तम! आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना हे कारण पटवून द्यावे लागत नाही. १९८१ साली आमच्यातून जालना वेगळा झाला, तेव्हा आम्हीही हेच म्हणत होतो. पण मग मुख्यालय कुठे ठेवले? पालघरला, किनाऱ्याच्या पट्टीत, मुंबईच्या रेल्वेमार्गावर. जव्हारचे लोक जव्हार मागत होते. जव्हारहून पालघर सुमारे ७५ किलोमीटर, आणि मोखाड्याचा माणूस निघाला की जव्हार, विक्रमगड, मनोर असा घाट उतरत शंभराच्या आसपास जातो. वनहक्काच्या दाव्यावर शेवटचा निर्णय जिल्हा समितीचा, म्हणजे फेरा चुकत नाही. ज्याच्यासाठी म्हणून जिल्हा केला, त्याचीच पायपीट राहिली.

यावर शहाणे लोक म्हणतात, "अहो, लोकसंख्या बघा!" बघितली. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे या आठ तालुक्यांत सुमारे २९ लाख ९० हजार माणसे. त्यांतली १३ लाख ४३ हजार एकट्या वसई तालुक्यात. खरे आहे, बहुसंख्यांच्या सोयीनेच चालायचे तर पालघर बरोबर आहे. पण मग आदिवासींचे नाव कशाला पुढे केले? वसईकरांची सोय म्हणून जिल्हा केला, असे सरळ म्हणावे. जव्हार-मोखाड्यात दर शंभर माणसांत नव्वदांहून अधिक आदिवासी आहेत, ती माणसे या बेरजेत कायमची हरणारच.

दुसरा आक्षेप, "जव्हार आडवळणी." ऐकून हसू येते. मुकणे घराण्याच्या कोळी राजांनी त्याच डोंगरावर शतकानुशतके राज्य केले. १९१८ साली तिथे नगरपालिका झाली. १९४८ साली संस्थान विलीन झाले. ज्या गावातून राज्य चालत होते, त्या गावातून जिल्हा चालत नाही, हे कुणी मला समजावून द्यावे. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी भागात कुपोषणाने शंभरांहून अधिक बालके दगावली, तेव्हा कुठे जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आले. म्हणजे कार्यालय डोंगर चढू शकते. फक्त आधी किती मुले जावी लागतात, एवढाच प्रश्न!

आणि आता सगळे लक्ष आणखी पश्चिमेला वळले आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली, सुमारे ७६ हजार कोटींचे काम. तिथल्या मच्छीमारांचे म्हणणे वेगळे आहे, त्यांचा झगडा त्यांना अधिक कळतो. मी डोंगरापुरतेच बोलतो. मोखाड्यात मध्य वैतरणेचे धरण बांधले, पाणी मुंबईला गेले, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या बाया हंडे घेऊन खाली दरीत उतरतात.

माझे मागणे फार मोठे नाही. मुख्यालयाच्या इमारती बांधून झाल्या, त्या पाडा असे मी म्हणत नाही. आठवड्यातले दोन दिवस जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांनी जव्हारला बसावे, दाव्यांचे कागद तिथेच निकालात काढावेत. आणि पहिलीच्या वर्गात वारली बोलणारा मास्तर द्यावा. सहा वर्षांच्या पोराला आपले पुस्तक परके वाटले की ते काय करते, हे मी इतकी वर्षे वर्गात उभा राहून पाहतो आहे. ते खिडकीबाहेर बघू लागते.

मुलीने दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन भिंतीवरच्या नकाशात जव्हार शोधले. सापडले, पण ठाणे जिल्ह्यात. आमच्या नकाशावर ठाणे अजून गुजरातच्या सीमेला टेकलेले आहे. नव्या नकाशासाठी मी जूनमध्ये अर्ज केला होता.