संध्याकाळी घरी, पण रात्रीचं काय?

मंडळी, विषय जरा अवघड आहे. साठी उलटली की घरोघरी असतो, पण बोलत कुणी नाही. म्हणून मीच लिहितो.

१९७८ साली नानांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन उस्मानियात झालं. पोटावर चीर, बारा दिवस खाट. आई काचीगुड्याहून रोज डबा न्यायची, रात्री आळीतलं कुणीतरी थांबायचं.

माझं गेल्या वर्षी झालं, लेसरनं. होलेप म्हणतात. लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घालून वाढलेला भाग आतून सोलून काढतात. बाहेर टाकाच नाही. रक्त कमी जातं, म्हणून निवडक पेशंटला त्याच दिवशी सोडता येतं. सकाळी सातला भरती, संध्याकाळी सहाला नळी-पिशवीसकट घरी. विम्याचंही अडलं नाही. डे-केअरला २४ तासांची अट नसते. मी खूश!

रात्री एकला नळी तुंबली. पिशवी भरेना, ओटीपोट दगडासारखं. कार्डावरचा नंबर कुणी उचलेना. पोरगं अमेरिकेत, ते तिथून काय करणार? अडुसष्ट वर्षांची ही दोन जिने उतरून ऑटो शोधायला गेली. ऑटोवाला म्हणाला, "अम्मा, पैसे की फिकर नक्को, बैठो." दवाखान्यात सिस्टरनं पिचकारीनं सलाइन सोडून गुठळी काढली. दहा मिनिटांचं काम.

माझा त्याच दिवशी घरी यायला विरोध नाही. बारा दिवस पडून राहायची हौस कुणाला आहे? पण वॉर्डातली रात्रपाळी कुणाला तरी करावीच लागते, आणि घरी ती बायकोवर येते. दवाखान्यानं कागद मला समजावला, सही माझी घेतली. ती बाहेर बाकावर बसून होती. तिला कुणी काही सांगितलं नाही, आणि मलाही सुचलं नाही.

तेव्हा आधीच विचारा: रात्री फोन कोण उचलणार? पिशवी किती वेळ भरली नाही तर निघायचं? रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, घर लांब असेल, किंवा सोबत कुणी नसेल, तर एक रात्र तिथेच राहू द्या म्हणून सरळ सांगा. त्यात कसली लाज?

आणि डॉक्टर समजावतील तेव्हा बायकोला आत बोलवा.