छताखालचे अंगण

गाणगापूरच्या दत्तदर्शनास जाणारी आपली मंडळी गुलबर्ग्याच्या (२०१४ पासूनचे कलबुर्गी) वाटेने वर्षानुवर्षे जात आली आहेत. परंतु तेथील किल्ल्यातल्या जामा मशिदीकडे पावले क्वचितच वळतात.

बहमनी राजवटीतील या मशिदीच्या शिलालेखात १३६७ हे साल आढळते. मशिदीपुढे सामान्यतः उघडे अंगण असते. येथे ते नाहीच! सारी जागा छपराखाली घेतली आहे. मिहराबीपुढे एक मोठा घुमट, चार कोपऱ्यांवर चार आणि उरलेल्या छतावर लहान घुमटांच्या ओळी.

मग आत अंधार का दाटत नाही? उत्तर, दक्षिण आणि पूर्व या तिन्ही बाजूंना सलग भिंतीऐवजी रुंद, बसक्या कमानी आहेत. त्यांतून आलेला उजेड खांबांच्या रांगांमधून थेट आतवर पोहोचतो. नक्षीकाम बेताचेच, इथली खरी शोभा म्हणजे एकामागे एक उभ्या राहणाऱ्या कमानी.

हा धाडसी प्रयोग दख्खनेत पुढे फारसा कोणी गिरवला नाही. विजापूरच्या जामा मशिदीनेही अंगणच पत्करले. गोलघुमट दुरूनच डोळ्यांत भरतो. हिची थोरवी मात्र आत उभे राहिल्यावाचून उमगत नाही. पुढल्या यात्रेत तिच्यासाठी एक दुपार अवश्य राखून ठेवावी.