ऑपरेशन झाले, पुढे काय?

कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा संत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपल्या नरसीत लहान पोरालाही ठाऊक आहे. आपण मात्र कुत्र्याला शिळा तुकडा टाकला की कर्तव्य संपले असे समजतो.

गेल्या महिन्यात एक शेतकरी दवाखान्यात आले. आखाड्यावरच्या कुत्रीची नसबंदी करून आणली होती. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, रातभर कण्हू लागली. आपली अंगदुखीची गोळी अर्धी करून देऊ का?" मी माणसांचा डॉक्टर, पण त्यांना तिथेच थांबवले. आपण सर्रास घेतो ती आयब्युप्रोफेनची गोळी कुत्र्याच्या जठरात व्रण करते, मूत्रपिंड निकामी करू शकते. पॅरासिटामॉलही मनाने देऊ नये. वेदनाशामक औषध पशुवैद्यकांनी सांगितलेलेच द्यावे.

कुत्रीची नसबंदी म्हणजे पोट उघडून अंडाशय, आणि बहुधा गर्भाशयही, काढणे. घरातल्या बाईची पिशवी काढली तर आपण तिला कित्येक दिवस जड उचलू देत नाही. कुत्रीला मात्र दुसऱ्याच दिवशी राखणीला सोडतो. मग टाके उसवतात आणि दोष ऑपरेशनला लागतो. हे बरोबर नाही.

पथ्य साधे आहे. भूल पूर्ण उतरल्यावर थोडे थोडे पाणी द्यावे, मग हलके अन्न. कोरड्या, स्वच्छ जागी धुतलेले पोते अंथरावे. दहा ते चौदा दिवस पळणे, उड्या मारणे आणि आंघोळ बंद. जखम चाटू देऊ नये. त्यासाठी गळ्यात प्लॅस्टिकचा शंकू बांधतात. हळद, राख, रॉकेल, फिनेल यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. माशी बसली तर अळ्या पडतात, म्हणून टाके रोज दोनदा पाहावेत. सूज वाढली, रक्त किंवा पू आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, दुसऱ्या दिवशीही अन्नाला तोंड लावले नाही, तर वाट न पाहता पशुवैद्यकांना दाखवावे. नर कुत्र्याचे ऑपरेशन त्या मानाने लहान. पण काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

माणसांच्या डॉक्टरने हे का सांगावे? कुत्रे चावलेला रुग्ण आमच्याच दारात येतो म्हणून. कुत्रीचा गर्भकाळ जेमतेम त्रेसष्ट दिवसांचा. संख्या आवरायला नसबंदी हाच माणुसकीचा मार्ग आहे. मात्र नसबंदीने रेबीज टळत नाही; त्यासाठी लस वेगळी, आणि ती वेळेवर पुन्हा द्यावी लागते. कुत्रे चावलेच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी.

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. माझे मत स्पष्ट आहे : किती ऑपरेशने झाली हा आकडा पुरेसा नाही. त्यातली किती जनावरे जखम भरून धडधाकट परतली, हेही ग्रामसभेत विचारले पाहिजे. एक कुत्री टाके उसवून गल्लीत मेली, तर पुढची दहा माणसे आपले जनावर ऑपरेशनला नेणार नाहीत.

नामदेवांच्या गावाने तुपाची वाटी नाही, निदान दहा दिवसांची शुश्रूषा तरी द्यावी.