कौतुकाचे दोन शब्द

जालन्याचें नांव घेतलें कीं बियाणें आठवतें. येथील कै. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं महिको ही कंपनी काढली. १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पुरस्कार लाभला. हा गौरव यथायोग्यच होता. परंतु संकरित कपाशीचें बीं कसें तयार होतें, हें आमच्या वाचकांनीं ध्यानीं घ्यावें. सायंकाळीं कळीकळींतील पुंकेसर हातानें काढावयाचे आणि दुसरे दिवशीं सकाळीं त्याच फुलावर दुसऱ्या वाणाचे पराग लावावयाचे. एक कळी नीट साफ झाली नाहीं, तर बियाण्यांत भेसळ होते. आणि फुलाफुलापाशीं मुकादम उभा करतां येत नाहीं.

कचेरीचेंही असेंच आहे. बरेंचसें चांगलें काम वरिष्ठांच्या नजरेआड होत असतें. हजेरीपट माणसाचा देह वेळेवर आणील. मन आणणार नाहीं. चूक होतांच खडसावणें आणि काम उत्तम झालें तर मौन, अशी जेथें रीत पडते, तेथें हुशार माणूसही नेमून दिलें तेवढेंच करूं लागतो. त्यानें जागून केलेलें टिपण साहेबाच्या नांवावर वर गेलें, कीं पुढचें बेताचेंच उतरतें.

स्तुति ही पगाराची भरपाई नव्हे. पोकळ स्तुतीनें तर विश्वासही जातो. परंतु कोणतें काम कोणीं चांगलें केलें, हें चारचौघांत नांवानिशीं सांगण्यास खर्च येत नाहीं. याच जिल्ह्यांतील जांब येथें जन्मलेल्या समर्थांनीं दासबोधांत लोकांचीं मनें राखण्याचा उपदेश केला आहे. अधिकारपदीं असलेल्या आमच्या वाचकांनीं तो कचेरींतही आचरावा, अशी आमची विनंती आहे.