अधिकारी वाचक आणि बंद लिपी

महानुभाव वाङ्मयाच्या भाषेची चर्चा पुष्कळ झाली. त्या मानाने त्याच्या वाचकाची चर्चा झालेली नाही. केशोबासांनी संस्कृतात रचना करू नये, कारण म्हाताऱ्याकोताऱ्या साधकांना ती कळणार नाही, अशी नागदेवाचार्यांची भूमिका स्मृतिस्थळात नोंदलेली आहे. भाषेचे दार असे बुद्धिपुरस्सर उघडणाऱ्या या पंथाने पुढे चौदाव्या शतकात आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजलेले असते. किल्ली ठाऊक नसलेल्यास ओळ दिसते, पण वाचता येत नाही. किल्ली मिळे ती दीक्षेने. आणि पंथाच्या आतही गृहस्थ वासनिक व संन्यस्त साधक यांचा अधिकार सारखा नव्हता.

या बंदिस्तीमागे कारणे होती. विटंबनेचे भय होते, पाठ भ्रष्ट होण्याची भीती होती. आणि पोथ्या टिकल्या त्या मठांतूनच, हे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु त्याची किंमत मराठीने मोजली. म्हाइंभटाचे लीळाचरित्र तेराव्या शतकातले, ज्ञानेश्वरीच्याही आधीचे. तरीही पुढील सहा शतकांतील गद्यलेखकांपुढे तो नमुना जवळजवळ नव्हताच. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींच्या परिश्रमाने लिपी उलगडली, तेव्हा वाङ्मयेतिहासाचे पहिले प्रकरणच नव्याने लिहावे लागले. (हे लिहिणाऱ्यांनी लिपीचे कौतुक अधिक केले, हानीचा हिशेब कमी.) वि. भि. कोलते संपादित लीळाचरित्र 1978 मध्ये राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले, त्यावर पंथीयांनी तीव्र आक्षेप घेतले. त्या वादाच्या मुळाशीही ग्रंथ कोणाचा, पंथाचा की मराठी वाचकाचा, हाच प्रश्न होता.

आता तोच प्रश्न विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्यापुढे आला आहे. हस्तलिखितांच्या छायाप्रती संगणकावर आणताना सूची सर्वांना, पृष्ठे सभासदांना, संपूर्ण प्रत वरच्या वर्गाच्या सभासदांना अशी पायरी लावणे सोयीचे वाटते. खर्च भागला पाहिजे, हा युक्तिवादही खोटा नाही. पण आंबेगाव तालुक्यातील लोणीसारख्या गावी बसलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला केवळ पोथीचा क्रमांक दिसत असेल, तर त्याची अवस्था किल्लीवाचून सकळ लिपी पाहणाऱ्यासारखीच. चक्रधरांच्या पंथात स्त्रीशूद्रांनाही दीक्षेची वाट मोकळी होती. अनामत रकमेच्या आणि मार्गदर्शकाच्या शिफारसपत्राच्या अटी तेवढ्या उदार असतीलच असे नाही.

मूळ पोथी हाताळण्यावर निर्बंध हवेतच. कागद जीर्ण असतो. तो निर्बंध छायाप्रतीला लावण्याचे मात्र कारण दिसत नाही. जिथे सार्वजनिक पैशाने प्रती काढल्या जातात तिथे तरी सभासदवर्गाची अट काढून टाकावी, आणि सदस्यशुल्क मुद्रित प्रती, लिप्यंतर व ग्रंथालयातील बैठक यांपुरते ठेवावे.